आधी पाणी, मग विचारपूस

जकातीचे आठ हक्कदार कुरआनात सांगितले आहेत. फकीर, मिस्कीन अशी ती यादी सुरू होते, पुढे कर्जात बुडालेला येतो आणि शेवटी ती वाटसरूपाशी थांबते. लहानपणी मदरशात हे आठ हक्कदार आम्हांला पाठ करावे लागत. आठव्यापाशी आम्ही हटकून अडखळत असू. गरीब कळतो, कर्जदार कळतो. पण वाटसरू कशासाठी? तो तर आपल्या घरी चांगला शेतवाडीवालाही असेल. मौलवीसाहेब सांगत, घरी कितीही असो, रस्त्यावर ज्याच्याजवळ काही उरले नाही तो त्या घडीला मोहताजच. उत्तर पाठ झाले. ते समजायला मात्र आम्हांला अराफातच्या मैदानात जावे लागले, आणि तिथे ते समजले तेव्हा आम्ही कमी पडलो होतो.

२०२४ च्या हजला वाशिम जिल्ह्यातून जे गेले, त्यांत आम्ही होतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हज म्हणजे महिनोन् महिन्यांचा सफर होता. कारंज्याचा माणूस शकुंतलेच्या छोट्या गाडीने मूर्तिजापूर गाठायचा, वाशिमचा मीटरगेजने अकोल्याला जायचा. तिथून मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम, कागदपत्रांसाठी खेटे, मग जहाज. निघण्यापूर्वी गावभर फिरून कहासुना माफ करून घ्यायचा, कारण परत येण्याची खात्री नसे. मुंबईहून हज यात्रेकरूंचे शेवटचे जहाज १९९५ साली गेले. आता आमच्याकडचे हाजी नागपूरला विमानात बसतात आणि काही तासांत अरबस्तानात उतरतात. वाळवंट आम्ही प्रथम पाहिले ते विमानाच्या खिडकीतून. खाली पिवळ्या-तपकिरी रंगाचे अफाट पसरलेले काहीतरी होते. हातात चहाचा कप होता. सफर झाला होता, पण आम्ही अजून मुसाफिर झालो नव्हतो.

हजचे ते पाच दिवस बहुधा त्यासाठीच असावेत. ८ जिल्हजला मिनाचे तंबू. ९ ला सकाळी अराफातचे मैदान, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिथला वुकूफ. सूर्य बुडाला की तिथून उठायचे, मगरिबची नमाज तिथे न पढता मुजदलिफाला पोचून मगरिब आणि इशा एकत्र पढायच्या आणि उघड्या आभाळाखाली, चटईवर, खडे वेचून रात्र काढायची. दार, भिंत, कपाट, कुलूप काही नाही. अंगावर दोन न शिवलेल्या चादरी. माणसाने आपल्या घरापासून किती दूर यावे म्हणजे त्याला घर नसलेला माणूस दिसेल, याचे जणू मोजून-मापून केलेले हे शिक्षण आहे.

अराफात म्हणजे सपाट, कोरडे मैदान. कडेला काळपट डोंगर, मधे जबल-ए-रहमतची टेकडी, आणि नजर जाईल तिथवर तंबू आणि माणसे. त्या मैदानात एक गोष्ट पाहून आमच्यातल्या सगळ्यांनाच बरे वाटले. तिथे झाडे आहेत आणि ती कडुनिंबाची आहेत. हाजींना सावली मिळावी म्हणून या मैदानात सुमारे ५० हजार निंब लावले गेले. आमच्या तंबूत मंगरूळपीरकडच्या एक वयस्क खाला होत्या. बसमधून उतरताच त्या म्हणाल्या, "अगे, ये तो अपना निंब!" आणि झाडाला हात लावून आल्या. ज्याच्या काडीने आयुष्यभर दात घासले ते झाड इथे परदेशात उन्हात उभे होते. तोही मुसाफिरच.

त्या दिवशी १५ जून होता. ऊन असे होते की वऱ्हाडातला मे महिना सोसलेल्या आम्हांलाही दम लागला. दोन दिवसांनी, १७ जूनला, मक्केत हरमच्या परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदले गेले. तंबूत थंड हवेची सोय होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, जेवणाचे डबे होते. आमच्या गळ्यात त्या वर्षीपासून सुरू झालेले नुसुक कार्ड होते. ते दाखवले की तंबू आपला.

जोहरनंतर थोड्या वेळाने एक म्हातारा आमच्या तंबूच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर एहराम, हातात एक रिकामी बाटली, गळ्यात काही नाही. कोणत्या देशाचा ते कळले नाही. बोलत अरबी होता. त्यातला 'मोया' एवढाच शब्द आम्हांला समजला. मोया म्हणजे पाणी. दारावर देखरेख करणारा एक तरुण होता. त्याने म्हाताऱ्याकडे कार्ड मागितले. म्हाताऱ्याने हात हलवले. तरुणाने मान हलवली आणि त्याला बाजूला हो म्हणून खुणावले.

आम्ही चार-पाच पुरुष दाराजवळच बसलो होतो. आमच्यात लगेच बोलणे सुरू झाले. एक चाचा म्हणाले, बिनपरवान्याचे असे हजारो आहेत, एकाला घेतले तर पन्नास येतील. दुसरे म्हणाले, आपल्या जागेवर आपण त्याला बसवले तर कोणाच्या बापाचे काय जाते? तिसऱ्याने आठवण दिली की विनापरवाना हज करणे जायज नाही, असे करणारा गुनाहगार आहे, असे तिथल्या वरिष्ठ उलेमांच्या मंडळाने एप्रिलमध्येच जाहीर केले आहे. चौथ्याने विचारले, मग गुनाहगाराला तहान लागत नाही का? बोलणे मुद्देसूद चालले होते. वुकूफचा दिवस होता, दुआ कबूल होण्याची घडी होती, आणि आम्ही एका तहानलेल्या माणसासमोर बसून मसला सोडवत होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूचा पडदा हलला आणि त्या मंगरूळपीरच्या खाला बाहेर आल्या. एका हातात पाण्याच्या दोन बाटल्या, दुसऱ्या हातात आपली छत्री. दोन्ही त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. देखरेख करणाऱ्या तरुणाकडे त्यांनी पाहिलेही नाही. आत जाता जाता आम्हांला म्हणाल्या, "पैले पानी तो देव. बाद में पूछते बैठो." आणि पुन्हा दुआ मागायला गेल्या.

म्हाताऱ्याने पाणी प्यायले, थोडे डोक्यावर ओतले. तंबूच्या भिंतीची जी हातभर सावली बाहेर पडली होती तिच्यात तो बसून राहिला. आम्ही त्याला आत बोलावले नाही. काही वेळाने पाहिले तर तो तिथे नव्हता. उठून गेला की उठवला गेला, हे आम्ही पाहिले नाही, कारण आम्ही तिकडे पाहायचे टाळत होतो.

हज संपल्यावर मक्केतल्या मुक्कामात आकडा ऐकला. त्या वर्षी १३०१ माणसे मरण पावली, असे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. सावली नाही, तंबू नाही, सरकारी बस नाही; भर उन्हात मैलोन् मैल चालत राहिलेली माणसे. त्या आकड्यात आमचा म्हातारा होता की नव्हता, हे आम्हांला कधीच कळणार नाही. तेव्हापासून आमची मदरशातली अडखळ पुन्हा सुरू झाली आहे.

आमच्यातल्या ज्यांनी परवान्याची बाजू घेतली ते निर्दयी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. परवाना हा नुसता सरकारी हट्ट नाही. १९९० साली मिनाजवळच्या बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन १४२६ माणसे गेली. १५ एप्रिल १९९७ ला मिनाचे तंबू पेटले आणि अधिकृत आकड्यानुसार ३४३ माणसे गेली; त्यानंतरच तिथे आग न लागणारे तंबू आले. २०१५ साली पुन्हा मिनात चेंगराचेंगरी झाली आणि सौदी सरकारच्याच आकड्याप्रमाणे ७६९ माणसे मेली. २०२४ च्या हजला १८ लाख ३३ हजारांवर यात्रेकरू होते. एवढी माणसे एका मैदानात उतरायची तर कोणीतरी मोजलेच पाहिजे. किती तंबू, किती पाणी, किती दवाखाने, हे माणसे मोजल्याशिवाय ठरत नाही. मोजणे हीदेखील रहमतच आहे. शिवाय हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावर. ज्याला परवाना मिळाला नाही, त्याच्यावर त्या वर्षी तो बंधनकारकच नव्हता. मग त्याने जीव का धोक्यात घालावा?

हे सारे खरे आहे. पण हे सारे त्या म्हाताऱ्याला निघण्यापूर्वी, त्याच्या गावात सांगण्यासारखे होते. ते त्याला सांगायला हवे होते त्याच्या सरकारने, त्याच्या मशिदीने आणि ज्याने त्याच्याकडून पैसे घेतले त्या दलालाने. इजिप्तने त्या हजनंतर १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले, यावरून माणसे कोणाच्या भरवशावर निघाली होती ते दिसते. अराफातच्या उन्हात, तंबूच्या दारात, त्याच्या हातात रिकामी बाटली असताना हा युक्तिवाद खरा असूनही अवेळी होता. आमची चूक इथे झाली. प्रश्न चुकीचे नव्हते. त्यांचा क्रम चुकला होता.

फिक्हमध्ये यावर विचार झालेलाच नाही असे नाही. सफरीत चार रकातींची फर्ज नमाज दोन रकाती पढण्याची सवलत आहे. जो गुनाहासाठी सफरीला निघाला आहे त्यालाही ही सवलत आहे का, यावर इमामांत मतभेद आहे. कोकणातले आपले शाफई भाऊ ज्या मताचे आहेत त्यानुसार अशा माणसाला ती मिळत नाही. आम्ही वऱ्हाडातले बहुतेक हनफी. आमच्या फिक्हनुसार मिळते. कारण सफर हा सफर आहे. पायांचा थकवा नियत पाहून कमीजास्त होत नाही. दोन्ही बाजूंना मोठे आलिम आहेत आणि कोण बरोबर हे ठरवण्याची आमची पात्रता नाही. पण हा वाद सवलतीचा आहे, पाण्याचा नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या पायताणात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. त्या कुत्र्याला तू कोणाचा, इथे कसा आलास, असे कोणी विचारले नव्हते.

आणि आम्ही ज्यांच्या सुन्नतीवर चालायला त्या मैदानात गेलो होतो, त्या हजरत इब्राहीम (अ.) यांनी काय केले? अनोळखी पाहुणे दारात आले. सलाम झाला. अनोळखी माणसे दिसतात, हे त्यांच्याही मनात आले. पण ते आधी घरात गेले आणि भाजलेले वासरू घेऊन बाहेर आले. पाहुणे फरिश्ते आहेत हे नंतर कळले. क्रम हाच आहे: सलाम, खाणे, मग ओळख. आमच्या वऱ्हाडातही शेतातून आलेल्या अनोळखी माणसाला आधी गूळ-पाणी देण्याची रीत होती. गाव कोणते, कोणाकडे आलात, हे तो गूळ खाऊन पाणी प्यायल्यावर.

पण मग नियमाचे काय? दारात येईल त्याला आत घेतच जायचे का? याचे उत्तर आम्हांला हजरत हाजरा (अ.) यांच्या हकिकतीत सापडते. आपण ती सफा-मरवाच्या धावण्यापाशी आणि जमजम उसळल्यापाशी थांबवतो. तिचा पुढचा भाग फार कमी सांगितला जातो. निर्जन खोऱ्यात एक बाई, एक तान्हे मूल आणि एक झरा. जुरहुम टोळीचा काफिला दुरून जात होता. या खोऱ्यात पाणी नाही हे त्यांना ठाऊक होते; पण आभाळात पक्षी घिरट्या घालताना दिसला, म्हणजे खाली पाणी असणार. ते आले. पाण्याशी एकटी बाई. ते बलवान होते, हिसकावून घेऊ शकले असते. त्यांनी विचारले, आम्ही इथे उतरू का? त्या म्हणाल्या, उतरा. पण पाण्यावर मालकी तुमची नाही. त्यांनी ते मान्य केले. मक्का वसली ती या करारावर.

आम्हांला या बोलण्यात दोन्ही गोष्टी दिसतात. नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार होता, तरी त्या 'उतरा' म्हणाल्या, कारण काही काळापूर्वी त्यांनी स्वतः मुलासाठी पाणी शोधत त्या उन्हात सात फेऱ्या मारल्या होत्या. आणि 'उतरा' म्हणताना त्यांनी नियमही सोडला नाही. नियम म्हणजे दार बंद करणे असा त्यांनी अर्थ घेतला नाही. त्यांच्या तोंडी 'उतरा' आधी आले आणि 'पण' नंतर. आमच्या तंबूत आम्ही 'पण' आधी म्हणालो आणि 'उतरा' म्हणायचे राहून गेले.

पुढे बगदादचे खलिफा हारून अल-रशीद यांच्या बेगम जुबैदा यांनी कूफा ते मक्का या वाळवंटी वाटेवर हौद आणि विहिरी बांधवल्या, मक्केला आणि अराफातला पाणी आणणारा कालवा काढवला. ती वाट आजही दर्ब-ए-जुबैदा म्हणून ओळखली जाते. इब्न बतूता १३२६ साली हजनंतर इराककडे निघाला तो याच वाटेने, आणि जुबैदा यांना जाऊन पाचशे वर्षे होत आली तरी वाटेवरच्या हौदांबद्दल त्याने त्यांचे उपकार नोंदवले आहेत. हौदाला दार नसते. जो पोचला तो प्यायला. मोजणी हवी, पण ती हौद किती मोठा बांधायचा यासाठी. प्यायला आलेल्याला परत पाठवण्यासाठी नव्हे.

असो. अराफातचे अराफातमध्ये राहिले असते तर हा लेख आम्ही लिहिला नसता. हजहून परतल्यावर त्याच हिवाळ्यातली गोष्ट. खरीप निघाले की आमच्या भागात कच्छकडचे रबारी मेंढपाळ येतात. पुढे मेंढरांचे कळप, मागे उंट. उंटावर बाज, भांडी, बिछाने आणि मधे बांधलेली कोकरे, कधी लहान मूलही. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवतो, जमिनीला लेंडीखत मिळते. बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पाऊस जवळ आला की ते पुढे सरकतात. काळ्या मातीच्या, तूर काढून मोकळ्या झालेल्या सपाट शेतात त्यांचा एका रात्रीचा मुक्काम पाहिला की आम्हांला मुजदलिफाच आठवते. आभाळ तेच, जमीन तीच, सकाळी उठून जायचे तेच. फरक इतकाच, की आमची ती एक रात्र होती आणि त्यांची रोजची.

त्या दिवशी एक रबारी बाई हंडा घेऊन आमच्या नातेवाइकाच्या विहिरीवर आली. आम्ही तिथेच होतो. नातलग भला माणूस, पाच वेळचा नमाजी. तो म्हणाला, "कुठले तुम्ही? आधारकार्ड आहे का? कोणाच्या शेतात उतरले?" त्याचे म्हणणेही खोटे नव्हते, आजूबाजूला मोटारी चोरीला गेल्या होत्या. पण आमच्या कानांत अराफातच्या दारावरचा तो तरुण बोलला. वाक्य तेच होते, भाषा तेवढी वेगळी.

कागद नसलेल्या वाटसरूची गत काय होते, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिले आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथे कच्छी पशुपालकांचे ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात आहेत अशी तक्रार होती. पिढ्यान् पिढ्या उंट पाळणाऱ्यांकडे उंटांच्या मालकीचे कागद कुठून असणार? माणसांना अटक झाली, उंट गोरक्षणात गेले, आणि पुढे न्यायालयाने ते मालकांना परत दिले. त्या पशुपालकांत हिंदू रबारी होते, तसे मुसलमान जतही होते. संशय घ्यायला कोणाला फारसे कारण लागले नाही. ते वाटेवर होते, आणि त्यांचे घर दिसत नव्हते, एवढे पुरले. आपण मुसलमानांनी तरी हे लगेच ओळखायला हवे. गेल्या काही वर्षांत कागद दाखवा, हे वाक्य आपणही पुष्कळ ऐकले आहे. ते आपल्याला म्हटले गेले की आपल्याला जाचते. आपण ते विहिरीवरच्या बाईला म्हणतो तेव्हा ते आपल्याला व्यवहार वाटते.

आम्ही नातलगाला काही बोललो नाही. वयाने मोठा माणूस, आणि उपदेश करायला आम्ही कोण? अराफातमध्ये आम्ही काय केले ते आम्हांला ठाऊक होते. आम्ही उठलो आणि मोटारपंपाचे बटण दाबले. पाणी आले. बाईने हंडा भरला, ओंजळीने स्वतः प्यायली, मग चुंबळ ठीक करून उभी राहिली आणि नातलगाला म्हणाली की उतारा कोणाच्या शेतात आहे, किती दिवस आहे, मेंढ्या किती आहेत. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिने दिली. नातलगाने तिला सांगितले की सकाळी वीज असते तेव्हा या, रात्री येऊ नका. तिने मान डोलावली. हाही एक नियमच झाला, आणि कोणाला तो जाचला नाही.

एवढ्याने आमचे देणे फिटले असे आम्ही मानत नाही. तंबूच्या भिंतीच्या हातभर सावलीत बसलेला तो म्हातारा अजून तिथेच बसलेला आम्हांला दिसतो. मात्र आता कोणी वाटसरूच्या हक्काचा मसला काढला की मंगरूळपीरच्या खालांचे बोलणे आम्ही त्याला सांगतो. खाला कधी मदरशात गेल्या नव्हत्या. गेल्या रमजानच्या आधी त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.